आधी लगीन चिलखताचं

गॅननला मारायची घाई करू नका. ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा व्हिडिओ गेम 3 मार्च 2017 ला आला आणि काही उतावळ्यांनी तो आठवड्यात संपवला. त्यांना आज कोण विचारतं? राजकन्या झेल्डा शंभर वर्षं किल्ल्यात त्या राक्षस गॅननला थोपवून बसली आहे. शंभर वर्षं निघाली, तिथं आणखी चार महिने निघतील. आणि आपण बेळगावकडची माणसं. 1956 ला सीमेची रेघ ओढली गेली, 1967 ला महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 ला सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला आणि आपण अजून पुढची तारीख विचारतोय. वाट बघण्यात आपला हात धरणारं खेळातल्या त्या हायरूल राज्यात तरी कोण आहे?

तेव्हा आधी चिलखत.

सुरुवात गरिबीतून होते. लिंक, म्हणजे खेळातला आपला वीर, गुहेत जागा होतो तो चड्डीवर. बाहेर पडायच्या आत दोन पेट्या लागतात, एकीत जुना सदरा, दुसरीत विटकी पँट. सदऱ्याची संरक्षणशक्ती 1. घरात या वेळी आईला जवळ बसू देऊ नका. ‘‘ह्याला कपडे घ्यायला घरात कोण न्हाई काय गा?’’ असं ती विचारणार आणि तुमच्याकडं उत्तर नसणार. पुढं पठारावर एक म्हातारा भेटतो. त्याच्याजवळ थंडीचा उबदार अंगरखा असतो, पण त्याच्या आवडीचा तिखट पदार्थ करून खायला घातला की तो देतो. पाककृतीतला एक जिन्नस म्हातारा विसरलेला आहे. तो जिन्नस मासा. म्हणजे मांस, मिरची आणि मासा, तिन्ही एकाच कढईत. खानापूर रोडवरच्या कुठल्याही खानावळीत असली ऑर्डर देऊन बघा, काय ऐकावं लागतं ते. पण अंगरखा पाहिजे ना? मग रांधा.

खरी कमाई मात्र परीकडं. काकारिको गावामागच्या टेकडीवर एक महापरी कळीत मिटून बसलेली असते. 100 रुपी, म्हणजे तिथली नाणी, दिली की उमलते. अशा एकूण चार आहेत. पहिलीला 100, दुसरीला 500, तिसरीला 1,000 आणि चौथीला 10,000. कुठल्याही क्रमानं जा, दर हाच. काम चौघींचं एकच, चिलखताला तारे लावायचं, म्हणजे त्याची संरक्षणशक्ती वाढवायचं. जितक्या परी जाग्या, तितके तारे. मिळून 11,600 रुपी होतात. पावती मागू नका.

दहा हजार आणायचे कुठून, हा प्रश्न सज्जन माणसाला पडतोच. उत्तर हेब्राच्या बर्फात आहे. तिथं एक गृहस्थ उतारावरून बर्फाचा गोळा सोडून पिना पाडायचा खेळ चालवतात. डावाला 20 रुपी, एका फटक्यात सगळ्या पिना पडल्या तर 300. राज्य बुडालंय, राजकन्या अडकलीय, आणि ज्याच्या तलवारीवर सगळ्यांची भिस्त तो वीर रात्रभर गोळे सोडत बसलाय, हे दृश्य तुम्हाला खटकत असेल तर हा खेळ तुमच्यासाठी नाही. मधेच करंट गेला तरी थांबू नका. ज्यावर हे खेळतात ते ‘स्विच’ यंत्र हातात धरून चालतं, आणि मेणबत्ती शोधायला घरात दुसरी माणसं आहेत.

आता माल. हातेनोच्या दुकानातून सोल्जर सेट घ्या. शिरस्त्राण, अंगातलं आणि पायातलं, प्रत्येकी संरक्षणशक्ती 4, म्हणजे तिन्ही मिळून 12. चारही तारे लागले की प्रत्येकी 28, एकूण 84. ही शक्ती शत्रूच्या फटक्यातून सरळ वजा होते. कालपर्यंत ज्या बोकोब्लिन राक्षसाच्या एका दांडक्यानं तुम्ही आडवे होत होता, तोच आता जीव तोडून मारतो आणि तुमच्या जिवातलं पाव हार्ट जातं. बिचाऱ्याचा चेहरा बघवत नाही.

तारे फुकट लागत नाहीत, सामान आणून द्यावं लागतं. बोकोब्लिनची आतडी, मोब्लिनची आतडी, पुढं हिनॉक्सची आतडी. शनिवारी न चुकता मारुतीला तेल घालणारा माझा भाचा शुक्रवारी रात्री दीड वाजता फोन करून विचारतो, ‘‘मामा, आतडी किती झाली तुमची?’’ वहिनींनी हे एकदा पलीकडून ऐकलं. त्यानंतर त्यांचा फोन आला की त्या आधी माझी तब्येत विचारतात.

आणि मग लायनेल. अर्धा घोडा, वर सिंहाचं तोंड, हातात तलवार, पाठीला धनुष्य. याच्यासमोर टिकायचं तर सोल्जर सेटला चौथा तारा हवाच. चौथ्या ताऱ्याला काय लागतं? लायनेलची आतडी. बार्बेरियन सेट घ्यावा म्हटलं, अंगात बळ चढतं म्हणतात, तर तो तीन चक्रव्यूहांत विखुरलाय आणि त्याच्या ताऱ्यांनाही लायनेलचीच शिंगं, खूर, आतडी. रहिवासी दाखल्याला रेशनकार्ड लागतं आणि रेशनकार्डाला रहिवासी दाखला, हे ज्यानं एकदा भोगलंय त्याला यात नवल वाटायचं कारण नाही. त्यानं नंबर लावावा, मरावं, पुन्हा नंबर लावावा. चुकून लायनेल मेलाच आणि माल कमी पडला तरी निराश होऊ नका. लाल चंद्र उगवला की मेलेले सगळे शत्रू परत जागेवर हजर होतात.

परीच्या कारागिरीबद्दल एक इशारा. पहिल्या ताऱ्याला ती लांबून फुंकर मारते. पुढं तिची माया वाढत जाते. चौथ्याला ती लिंकला उचलते आणि सरळ कुंडात ओढून नेते. पडद्यावर नुसतं पाणी. हे दृश्य वगळायचं बटण आधीच शोधून ठेवा. आई चहा घेऊन यायची वेळ नेमकी तीच असते.

वाळवंटातल्या गेरूडो गावात पुरुषांना प्रवेश नाही. वेशीवर पहारेकरणी भाले आडवे धरतात. त्यावर इलाज म्हणजे अलीकडच्या कारा कारा बाजारात 600 रुपींना मिळणारा बायकी पोशाख. तो चढवला की त्याच पहारेकरणी वाटेला लावतात. आत गेल्यावर चुकून काढलात की उचलून बाहेर. बाहेरच्या लोकांना हे विचित्र वाटतं. आपल्याकडं मूल शाळेत जायच्या आधी हे शिकतं. कचेरीच्या खिडकीवर ‘‘नमस्कार री, स्वल्प नोडरी’’, जिना उतरला की ‘‘काय ओ, कवा आलासा?’’, कॅम्पात हिंदी आणि मॉलमध्ये इंग्रजी. इथं मेनू उघडून बदलायचीसुद्धा गरज पडत नाही, जिभेवरच सगळे सेट लावून ठेवलेले असतात. सहाशे रुपीसुद्धा वाचले.

चढाईच्या सेटबद्दल लोक फार बोलतात. घ्या, कड्यावर भराभर चढता येतं. पण पाऊस सुरू झाला की चार हात वर आणि तीन हात खाली. हायरूलमध्ये पाऊस बघून लिंक कड्याखाली शेकोटी पेटवून बसतो आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघतो. खानापूर तालुक्यात जूनमध्ये असं बसलं तर उठायला सप्टेंबर लागेल. आमचे आजोबा डोक्यावरून पाठीवर इरलं टाकायचे आणि वाकून भात लावायचे. बांबूच्या कामट्या, मधे पानं, आणि आतून फक्त ढोपरापर्यंतचा चिखल दिसायचा. एकही तारा नसलेलं ते चिलखत. त्यात कुठल्या परीचा हात लागलेला नव्हता, तेव्हा आपण त्याच्याकडं लक्ष द्यायचं कारण नाही.

जाता जाता हेल्मेट. हायरूलची सोय अशी की लायनेलची तलवार मानेपासून वीतभर असताना मेनू उघडा, जग जागच्या जागी थांबतं. सावकाश शिरस्त्राण निवडा, घाला, मेनू मिटा. हीच पद्धत आपण राणी चन्नम्मा सर्कलला वापरतो. हेल्मेट आरशाला अडकवलेलं, पोलीस दिसला की डोक्यावर, सर्कल ओलांडलं की परत आरशाला. पुढं चोर्ला घाटात धुकं, वळण आणि समोरून ट्रक आला तर मेनूचं बटण तेवढं हँडलवर कुठं आहे ते बघून ठेवा.

सगळ्यात भारी चिलखत कुठलं, हा प्रश्न भाचा अजून विचारतो. हिरव्या अंगरख्याचा, जुन्या वीरांचा सेट. तो मिळतो 120 देवळांतल्या परीक्षा पूर्ण केल्यावर. त्याच्या ताऱ्यांसाठी तिन्ही ड्रॅगनांची शिंगं, नखं, दात आणि खवले लागतात. ड्रॅगनला बाण मारायचा, तो मरत नाही, एक तुकडा खाली पडतो, तो डोंगरात शोधायचा. एका बाणाला एक तुकडा, मग परत त्याची वाट बघायची. हे सगळं उरकेपर्यंत हायरूलमध्ये तुम्हाला मारू शकेल असं कुणी उरलेलं नसतं. म्हणजे चिलखत आता अगदी वेळेवर तयार आहे.

आता गॅननला मारायला हरकत नाही. दार उघडा, मारा. मेला की खेळ बनवणाऱ्यांची नावं सरकतात, आणि मग खेळ तुम्हाला पुन्हा लढाईच्या आधीच्या सेव्हवर आणून सोडतो. गॅनन आत जिवंत, राजकन्या आत, तुम्ही दाराबाहेर. सेव्हवर एक तारा तेवढा वाढलेला असतो.

मग 12 मे 2023 ला आलेला पुढचा भाग, ‘टीअर्स ऑफ द किंगडम’, लावा. सुरुवातीलाच लिंकची तब्येत जाते, कपडे जातात, 84 जातात, आणि गडी पुन्हा उघड्या अंगानं जागा होतो. त्याच चार परी परत कळीत जाऊन बसलेल्या असतात. या वेळी त्यांना उमलायला वाजंत्री लागतात. आणि सामान देऊन वर प्रत्येक ताऱ्याला रोख, पहिल्याला 10, मग 50, मग 200, चौथ्याला 500. एका नगाचे. भाच्याला सांगितलंय, बर्फाचे गोळे या खेळात कुठं मिळतात ते आधी बघून ठेव.