एच ड्राइव्ह गेला? आधी ओरडा, मग बघू

सकाळी दहाला शिरोली एमआयडीसीतल्या ऑफिसात पीसी चालू केला आणि एच ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हरवरचा आपापला होम फोल्डर, गायब. कोटेशनं, जीएसटीची शीट, पोरीच्या ॲडमिशनचा अर्ज, सगळं त्यातच. अशा वेळी डोकं शांत ठेवायचं नाही. उभं राहून खणखणीत आवाजात ओरडायचं, “सर्व्हर डाऊन हाय!” शेजारच्या टेबलावर एच ड्राइव्ह व्यवस्थित दिसत असेल, पण तिकडे बघू नका. बिघाड फक्त आपल्याच पीसीत आहे असं निघालं, तर सगळ्यांनी मिळून मिसळ खायला जायचं निमित्त हातचं जाईल.

एरर आलाच तर न वाचता ओके दाबा. ५३ म्हणजे सर्व्हरपर्यंतची वाटच सापडेना, ५ म्हणजे दारात अडवलंय, ८५ म्हणजे ते अक्षर आधीच कुणीतरी बळकावलंय. निदान असं आयतं मिळालं तर उरलेला दिवस घालवायचा कसा? आयटीच्या पोराला फोनवर एवढंच सांगा, “कायतरी इंग्लिशमधी आलतं.”

मग रिस्टार्ट करा. हे कधीकधी लागू पडतं, हीच तर पंचाईत आहे. नेटवर्कची वायर जागी व्हायच्या आतच विंडोज जुन्या ओळखीवर तुम्हाला आत घेतं, आणि ड्राइव्ह जोडायचा राहून जातो. दुसऱ्या खेपेला नेटवर्क तयार असतं, म्हणून जोडला जातो. लॉगिनच्या वेळी नेटवर्कची वाट बघायला लावणारी सेटिंग पॉलिसीत आहे, पण ती लावली तर रिस्टार्टवरची तुमची श्रद्धा उडेल.

नेट स्लो वाटतं म्हणून भाच्यानं डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्याच्या जागी, गुगलचं ८.८.८.८ टाकून दिलं असेल, तर त्याला हात लावू नका. गुगलला जगातलं सगळं ठाऊक, फक्त तुमच्या ऑफिसातल्या कपाटामागचा सर्व्हर सोडून. पुण्याच्या माणसाला शिवाजी पेठेतली बोळं विचारण्यातला प्रकार. इंटरनेट सुसाट चालेल आणि एच ड्राइव्ह मिळणार नाही, म्हणजे दोष अर्थातच सर्व्हरचा.

आणि परवानगीचा घोळ असेल तर तोडगा एकच: ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’. शेअरची परवानगी वेगळी, फोल्डरची वेगळी आणि दोन्हींत जी कडक तीच चालते, असलं पाल्हाळ पोरगं लावेल. ऐकू नका. दोन्हीकडे सगळं मोकळं सोडा. पगारपत्रक पॅकिंगच्या टेबलावर पोचलं की कळेलच, जोडणी चोख झाली.

पण या विद्येत आमच्या अकाउंटच्या काकांचा हात कुणी धरणार नाही.

काका मंडळाचे खजिनदार. जूनमध्ये वर्गणीचं पावतीपुस्तक छापायला त्यांनी मंडळाचा पेनड्राइव्ह आणला, पीसीच्या मागच्या बाजूला खोचला आणि विसरले. दुसऱ्या दिवशी पीसी चालू होताना पेनड्राइव्हनं एच हे अक्षर घेतलं. मागून आलेल्या होम फोल्डरला जागाच उरली नाही, आणि विंडोजनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ‘धिस पीसी’मध्ये एच होता. चिन्ह वेगळं होतं, आत फोल्डरही वेगळे होते, आरत्या होत्या. काका म्हणाले, “अपडेट आलं असंल.” आणि कामाला लागले. जून, जुलै, ऑगस्ट. नवं लेजर, नव्या नोंदी, सगळं एचमध्ये.

एका कमांडचा खेळ होता. ‘नेट यूज’ टाईप केलं असतं तर जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हच्या यादीत एच नाही हे तिथंच दिसलं असतं. पण तक्रारच नव्हती. ड्राइव्ह दिसत होता की!

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मंडळाचं पोरगं आलं आणि पेनड्राइव्ह उपसून घेऊन गेलं. गणपतीची सुट्टी संपवून काका आले, लॉगिन केलं, तर तीन महिन्यांत पहिल्यांदा होम फोल्डर बिनचूक जोडला गेला. आत फायली मेपर्यंतच्या. काकांनी ऑफिस डोक्यावर घेतलं: नेटवर्कवाल्यांनी डेटा खाल्ला. आयटीच्या पोरानं ‘नेट यूज’ मारलं, समोर ‘ओके’. बॅकअप काढला, तोही चोख. रोज रात्री नेमानं झालेला, मेपर्यंतच्या फायलींचा.

शेवटी पोरगं टेबलाखाली वाकलं. मागच्या यूएसबी पोर्टांवर धुळीचा थर, आणि एकच पोर्ट स्वच्छ.

“काका, हितं काय हुतं?”

काकांनी मंडळात फोन लावला. मागं ढोल वाजत होता, त्यामुळं तिकडचं उत्तर आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं.

“व्हय काका, हाय की पेनड्राइव्ह. पर त्यात कसल्या तरी एक्सेलच्या लई फायली हुत्या. गाणी बसंनात, मग फॉरमॅट मारला.”