चाळीस घोड्यांची वरात

1927 च्या अखेरीस बाजारात आलेल्या फोर्ड मॉडेल-ए चं इंजिन म्हणजे सरळमार्गी संसारी माणूस. 3.3 लिटर, चार सिलिंडर, 2,200 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, चाळीस घोडे (हॉर्सपॉवर). त्याला बिनटपाच्या रोडस्टरमध्ये बसवून अमेरिकेत युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, जिथे वेगाच्या स्पर्धा होतात, ताशी सव्वादोनशे किलोमीटरने पळवायचं, या हौसेला मराठीत शब्द आहेत, पण ते घरच्यांनी वापरायचे.

कागदावर सगळं सोपं असतं. मूळ डिफरन्शियल 3.78 चं, म्हणजे वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या 3.78 फेऱ्यांना चाकाचा एक. टायर 28 इंची घेतले आणि इंजिन 5,000 वर नेलं, तर वेग 177 किलोमीटर. रेशो 3 केला की 223. इथवर पेन्सिल पुरते. पुढे हवा आडवी येते: वेग दुप्पट हवा असेल तर तिला सारायला आठपट ताकद लागते. शिवाय टप नसल्यामुळे ती आगंतुक पाहुण्यासारखी आत शिरते आणि हलायचं नाव घेत नाही.

ताकद वाढवायला कॉम्प्रेशन, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण किती पटीने दाबलं जातं ते, वाढवावं, तर मूळचं 4.22. हे फ्लॅटहेड, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी. हेडमधली पोकळी कमी केली की व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे जायची वाटच अरुंद होते. दाब मिळतो, श्वास कोंडतो. त्यात इनटेक पोर्ट, म्हणजे मिश्रण आत यायच्या वाटा, दोनच, म्हणजे चाळीतल्या एका नळावर दोन बिऱ्हाडं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-2-4-3, त्यामुळे पहिल्याने बादली भरली की दुसरा लगेच हजर, आणि नंतर नळ बराच वेळ रिकामा. दोघांना सारखं मिश्रण मिळत नाही. कार्बुरेटरचा एकच जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र, बघून ट्यूनिंग करणारा इथेच फसतो. एका पोर्टवरच्या दोन्ही सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढून रंग ताडून बघावेत. ओव्हरहेड व्हॉल्व्हचं हेड लावलं की सुटका होते, पण मग स्पर्धेतला गटही बदलतो.

खरा छळ मात्र खाली, पिस्टनांची ये-जा फिरतीत बदलणाऱ्या क्रँकपाशी आहे. मेन बेअरिंगं तीनच, तीही बॅबिट हा मऊ मिश्रधातू ओतलेली. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना तेल कसं मिळतं? रॉडच्या टोकाला पळी, आणि ती दर फेऱ्याला तेलात बुडून आचमन करते. 2,200 ला हा विधी यथासांग होतो. 5,000 ला तेल जागेवर परतायच्या आत पळी पुन्हा हजर, मग बॅबिट वितळतं. म्हणून क्रँकला भोकं पाडून पंपाने दाबाखाली तेल द्यायचं आणि शेल बेअरिंगं, म्हणजे बदलता येणाऱ्या पातळ वाट्या, घालायची. तेल मिळालं तरी क्रँक मधोमध वाकतोच, म्हणून काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारी वजनं. काउंटरवेट लावले की बॅलन्सिंग नव्याने. आणि क्रँकच्या टोकाचं, जात्यासारखं ते जुनं ओतीव फ्लायव्हील? जास्त आरपीएमला ते फुटू शकतं. स्टीलचं घ्या, भोवती जाड कवच बसवा. पाय तिथेच असतात.

एवढा खटाटोप करून वजन वाचवलंत, तर मीठ म्हणतं, वजन आणा. ओलसर मिठावर चाकं जागच्या जागी फिरतात. इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरच्या हिशेबाने वेग 223, स्पर्धेच्या घड्याळाच्या हिशेबाने 200. मग शिशाच्या लाद्या भरायच्या, पण मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे. मागे टांगल्या की शेपूट पुढे यायला बघतं.

बॉनव्हिल सुमारे 1,280 मीटर उंचीवर आहे, जवळजवळ महाबळेश्वरला. स्ट्रॉबेरी नाहीत, हवा मात्र तशीच विरळ, आणि ऑगस्टच्या उन्हात आणखी. समुद्रकाठी जमवलेला जेट इथे पेट्रोल जास्त देतो. एक-दोन नंबर लहान जेट सोबत असायलाच हवेत.

मग तपासणी. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा सांगाडा), पट्टे, अग्निशामक, हात बाहेर जाऊ नयेत म्हणून दोऱ्या, सगळं पास. आणि गाडी अडते टायरच्या व्हॉल्व्हच्या टोपणावर, कारण ते प्लास्टिकचं. नियम बरोबर आहे: त्या वेगाला केंद्रोत्सारी बलाने व्हॉल्व्हची पिन दाबली जाऊन हवा सुटू शकते. रबरी वायसर असलेली धातूची टोपणं लागतात. चार चाकांना चार, आणि दोन खिशात. मिठात पडलेलं टोपण सापडत नाही.