सामुदायिक सेवेतील मानसोपचारतज्ज्ञ केवळ गोळ्या लिहून देतो का?

प्रौढांसाठीच्या सामुदायिक मानसिक आरोग्य सेवेविषयी एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्याचा आशय असा की, मानसोपचारतज्ज्ञ पाच मिनिटांत गोळ्या लिहून मोकळा होतो, खरे काम परिचारिका आणि समुपदेशक करतात, आणि गंभीर रुग्णाला अखेर रुग्णालयातच ठेवावे लागते. याच सेवेत काम करणारा मानसोपचारतज्ज्ञ या नात्याने मला तिन्ही विधाने खोडून काढणे भाग आहे, कारण ती खरी मानून कोणी उपचार अर्धवट सोडले तर त्याचे परिणाम त्या रुग्णालाच भोगावे लागतात.

गोळ्या लिहून देणे हे आमचे काम आहेच, परंतु ते सोपे नाही. मनःस्थितीतील तीव्र चढउतार आटोक्यात ठेवणारे लिथियम हे औषध घेणाऱ्याच्या रक्तातील त्याची पातळी शेवटच्या मात्रेनंतर 12 तासांनी तपासावी लागते. जुलाबांमुळे अंगातील पाणी कमी झाले किंवा गुडघेदुखीवर परस्पर आयबुप्रोफेन घेतले, तरी ती पातळी धोकादायकरीत्या चढू शकते. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावर दिल्या जाणाऱ्या क्लोझापिनमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून नियमित रक्ततपासणी अटळ असते. हेच औषध घेणारा रुग्ण ‘डॉक्टर, सिगारेट सोडली’ असे आनंदाने सांगतो, तेव्हा मी त्याचे मनापासून अभिनंदन करतो आणि लगेच विचारतो, ‘कधीपासून?’ तंबाखूच्या धुरामुळे या औषधाचे यकृतात वेगाने विघटन होते. धूर थांबला की तीच मात्रा जास्त ठरते आणि ती कमी करावी लागते. कित्येकदा तर औषध कमी करणे किंवा बंद करणे हाच माझा निर्णय असतो.

दुसऱ्या विधानात तथ्य आहे, पण ते अर्धेच. रुग्णाच्या घरी सर्वाधिक वेळा परिचारिकाच जाते. दार उघडायला उशीर झाला, पडदे दिवसाही ओढलेले होते आणि दूरचित्रवाणी संच कापडाने झाकून ठेवला होता, हे तिच्याच नजरेस पडते. मात्र ही भ्रमाची पुनरावृत्ती आहे, औषध थांबल्याचा परिणाम आहे, की एखादा शारीरिक आजार डोके वर काढतो आहे, याचे निदान करून त्याची जबाबदारी घेणे माझ्याकडे येते. तिच्या निरीक्षणावाचून माझे निदान आंधळे राहील, हेही मला तितक्याच स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते.

तिसरे विधान तर पुराव्याशी सरळ विसंगत आहे. अमेरिकेतील मॅडिसन येथे स्टाइन आणि टेस्ट या संशोधकांनी गंभीर रुग्णांना अहोरात्र उपलब्ध असणाऱ्या पथकाकरवी समाजातच उपचार दिले, तेव्हा त्यांना रुग्णालयात दाखल करण्याची गरज बरीच कमी झाली. हे निष्कर्ष 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. चौदा महिन्यांनंतर तो आधार काढून घेताच झालेला लाभही बराचसा ओसरला. रुग्णालय काही वेळा अपरिहार्य असते, हे मी नाकारत नाही. परंतु तेथून घरी परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचा धोका विशेष वाढलेला असतो आणि तो काळ समाजातील पथकालाच सांभाळावा लागतो.