क्रॉसमेंबर कापण्याविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या पिकअपवरच्या लेखाला आलेल्या आपल्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण तिच्यातल्या एका मुद्द्यासाठी मला पुन्हा गाडीखाली जाऊन पाहावे लागले. १९५३ च्या शेव्हरोले अर्ध्या टनी पिकअपला पाच गिअरांचा टी-५ गिअरबॉक्स बसवताना मी केबिनखालचा मूळ क्रॉसमेंबर (चासीच्या दोन लांब बाजूंना, म्हणजे रेलना, जोडणारा आडवा तुकडा) कापला, याने चासी कमकुवत झाली, असे आपण म्हणता. शिवाय बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या, क्लच झाकणाऱ्या आवरणाच्या) दोन बाजूंचे मूळ आधार शाबूत असताना गिअरबॉक्सच्या शेपटाला वेगळा आधार देणे अनावश्यक होते आणि नवा क्रॉसमेंबर रेलला धरणाऱ्या कंसाची (ब्रॅकेटची) भोके चुकीच्या जागी पाडली आहेत, हेही आपले आक्षेप आहेत.

पहिल्या आक्षेपाला आधार आहे. क्रॉसमेंबर केवळ गिअरबॉक्सखालची पट्टी नसतो. तो दोन्ही रेल परस्परांपासून ठरावीक अंतरावर धरतो आणि चासीच्या पिळाला विरोध करतो. म्हणूनच मी गाडी सपाट जमिनीवर टेकूंवर घेऊन नवा, मध्ये खाली झुकलेला क्रॉसमेंबर आधी बोल्टांनी पक्का केला आणि मगच जुन्याचे रिव्हेट काढले. हा क्रम लेखात लिहायचा राहिला, ही चूक माझी. मात्र कापणे टाळता आले नसते, कारण टी-५ जुन्या तीन गिअरांच्या पेटीपेक्षा लांब आहे आणि त्याचे शेपूट नेमके तिथेच येते.

दुसरा आक्षेप मला मान्य नाही. त्या वर्षीच्या गाडीत बंद टॉर्क ट्यूब (मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टभोवतीची नळी) होती, म्हणजे मागच्या आसाच्या हाउसिंगची उलट पीळ घेण्याची प्रवृत्ती ती नळीच पेलत असे. उघडा प्रोपेलर शाफ्ट आणि नवे हाउसिंग आल्यावर ते काम मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे गेले, आणि गिअरबॉक्सच्या टोकाला नळीचा आधारही उरला नाही. अशा वेळी लांब, जड पेटी बेलहाउसिंगवरच लटकत ठेवली, तर तिच्या वजनाचा सारा ताण जोडाच्या बोल्टांवर आणि बिडाच्या कानांवर येतो. आपली भीती बहुधा वेगळी असावी : चासी पिळली की चार ठिकाणी घट्ट जखडलेली पेटी तडकते. ती रास्त आहे, आणि तिचा उपाय म्हणून शेपटाखाली मध्यभागी एकच, मऊ रबराचा आधार दिला आहे. पत्र्याच्या चकत्या घालून त्याची उंची अशी ठेवली आहे की तो वजन पेलेल, पण पेटीला वर ढकलणार नाही.

भोकांबाबत मात्र आपण अचूक बोललात. रेलच्या उभ्या पोटाच्या मध्यरेषेजवळ वाकण्याचा ताण सर्वांत कमी आणि वरच्या-खालच्या आडव्या पात्यांवर सर्वांत जास्त असतो. तरीही घाईत डाव्या कंसाची दोन भोके मी खालच्या पात्यात पाडली. (छायाचित्रात ती सावलीत आहेत, तरी आपल्या नजरेतून सुटली नाहीत.) तो कंस आता पोटावर चार बोल्टांनी बसेल, जुन्या भोकांना मागून तांब्याचा तुकडा लावून वेल्ड भरला जाईल आणि दोन्ही बाजू घासून सपाट केल्या जातील. त्यानंतर गाडी तिच्या चाकांवर उभी करून शाफ्टचे कोन पुन्हा मोजेन; सध्या दोन्ही युनिव्हर्सल जोडांवर ते २ अंशांच्या आसपास आहेत, पण नव्या कंसामुळे पेटीची उंची जराही बदलली तर पुढचा कोन बदलेल.