मे महिन्यात १९ अंश

पुण्यात, मे महिन्यात, दुपारी साडेतीनला, पत्र्याच्या शेडमध्ये तापमान किती असतं? माझ्या डायनोच्या (गाडी रोलरवर पळवून तिची ताकद मोजणारं यंत्र) कागदावर छापलंय १९ अंश. एकोणीस! अरे, त्या दिवसांत महाबळेश्वरला तरी भर दुपारी १९ असतं का? मी तिथे, ट्यूनरच्या गॅरेजात उभा होतो, माझ्या पोलो जीटी टीएसआयच्या ईसीयूमधली (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) फाइल, म्हणजे मॅप, बदलून ताकद वाढवून घ्यायला. शर्ट पाठीला चिकटला होता, कोपऱ्यातला पंखा गरम हवा तोंडावर फेकत होता आणि तो पोरगा गाडीपुढे दुसरा पंखा लावताना म्हणत होता, ‘सर, आज जरा जास्तच आहे.’ कागद म्हणतो १९ अंश, १४२ पीएस (म्हणजे घोडे), २४८ न्यूटनमीटर टॉर्क (इंजिनचा पीळ).

तेव्हा तापमान कोण बघतो? आपण सगळेच आधी मोठ्या अक्षरातला आकडा बघतो आणि फोटो काढून पाठवतो. तसा मीही पाठवला. काल एका मित्राने त्याच्या पोलोचा कागद दाखवला. त्याचीही जीटी टीएसआय, तोच गॅरेजवाला, काम जानेवारीतलं. १९ अंश. १४२ पीएस. २४८ न्यूटनमीटर. मी म्हटलं असेल, योगायोग असेल. मग दोन्ही कागद शेजारी ठेवले. ४२०० आरपीएमच्या जरा पुढे रेष किंचित खाली बसते आणि परत उठते. दोन्हीकडे तोच खड्डा, त्याच जागी, तेवढाच खोल. बदलली होती फक्त तारीख आणि गाडीचा नंबर, आणि माझा नंबर वेगळ्या फॉन्टमध्ये होता. फॉन्ट तरी जुळवायचा, राव! फसवताना तरी थोडी मेहनत घ्या!

ज्याला डायनो माहीत आहे त्याला हे सांगायला नको. एकच गाडी लागोपाठ दोनदा रोलरवर पळवली तरी दोन-चार घोडे इकडचे तिकडे होतात. टायरमधली हवा बदलली, इंजिन थोडं जास्त तापलं, पंखा जरा तिरका झाला की रेष हलते. इथे दोन वेगळ्या गाड्या, वेगळं रनिंग, वेगळं पेट्रोल, एक हिवाळ्यात, एक भर उन्हाळ्यात, आणि रेष शंभर टक्के तीच. हळदीकुंकवातला ब्लाऊजपीस जसा घरोघरी फिरत राहतो, तसा हा ग्राफ फिरतोय. मुळात तो कुठल्या गाडीतून निघाला हे देवालाच ठाऊक. पोलोतूनच निघाला असेल याचीही मी खात्री देत नाही.

माझी गाडी रोलरवर पळाली, हे तर मी डोळ्यांनी पाहिलं. मग त्या पळण्याचे आकडे गेले कुठे? कमी आले असणार, आणखी काय! म्हणून कपाटातला तयार कागद काढला.

फोन केला. वाटलं, निदान सारवासारव तरी करेल. मशीनचा प्रॉब्लेम होता, प्रिंटरमध्ये जुनी फाइल राहिली, पोराने घोळ केला, काहीतरी. मी ऐकून घेतलं असतं. साहेब काय म्हणाले असतील? ‘सर, गाडी सेम, फाइल सेम, मग ग्राफ सेमच येणार ना?’

फाइल सेम! मग तू पस्तीस हजार कशाचे घेतलेस रे? ‘कस्टम मॅप’चे ना? ‘सर, आम्ही रेडिमेड फाइल टाकत नाही, तुमच्या गाडीचा लॉग बघून टायमिंग सेट करतो’ हे कोण म्हणालं होतं? चहा पाजून, अर्धा तास, फळ्यावर आकृत्या काढून? लॉग (चालत्या गाडीत ईसीयूने नोंदलेले आकडे) बघितला असता तर तिसऱ्या सिलेंडरला नॉक सेन्सर (इंधन अवेळी पेटल्याचा ठोका पकडणारा) सात-आठ अंश टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ, मागे खेचतोय हे दिसलं असतं. ते मला मित्राची वीसीडीएसची (फोक्सवॅगनच्या गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) केबल लावून स्वतःच बघावं लागलं. पस्तीस हजार त्याला आणि लॉग मी काढायचा. वर तोंड करून विचारतो, ‘पण पिकअप तर वाढलंय ना सर?’

हा ‘पिकअप’ शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. पिकअप वाढलेलं नाही, पेडलचा मॅप चढवलाय. पाव पेडल दाबलं की थ्रॉटल अर्धा उघडतो, मान मागे जाते, गिऱ्हाईक खूश. पूर्ण पेडलला गाडी होती तिथेच. वर १८०० आरपीएमला टॉर्कचा डोंगर उभा करायचा, कारण टेस्ट ड्राइव्ह पाच मिनिटांची आणि त्यात चौथ्या गिअरला धक्का बसला पाहिजे. छोटं टर्बो इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन, कमी आरपीएम, भरपूर बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब). स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनची रिंगलँड (दोन रिंगांमधली कड) फुटते, हे गेली कित्येक वर्षं जग ओरडून सांगतंय. त्यापायी तेलाची मानकं बदलली, एपीआय एसपी आलं. पण आमच्या उस्तादांचं उत्तर ठरलेलं : ‘फाइल जर्मनीची आहे सर.’ म्हणजे काय? जर्मनीत आपलं पेट्रोल मिळतं का? सिंहगड रोडचा मे महिना जर्मनीत असतो का?

आणि २४८ हा आकडा बघा. डीएसजीची (गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मर्यादा २५०. कोणीतरी गूगल करून सोयीस्कर दोन कमी लिहिलेत. कंपनीचे १७५. त्यावर ७३ न्यूटनमीटर चढवले, म्हणजे ड्राय क्लचचं काय होतं, हे कात्रजच्या चढावर ट्रॅफिकमध्ये रांगत असताना विचारा. नको, विचारू नका. नुकताच जरा शांत झालोय.

पेट्रोलचं तर बोलायलाच नको. ‘कुठलंही चालतं सर.’ मग पंपावर एवढी रंगीबेरंगी नावं कशाला ठेवलीत? शंभर ऑक्टेनवालं (ऑक्टेन जास्त तेवढा नॉक कमी) २०२० च्या डिसेंबरात आलं तेव्हाच १६० रुपये लिटर होतं. रोज ते कोण भरणार, आणि भरलं तरी मॅप त्यासाठी लिहिलेला नको का? आता इथेनॉल २० टक्के. ऑक्टेन वाढतो, मान्य. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं, इंजेक्टर जास्त वेळ उघडे राहतात, म्हणजे बूस्ट चढवायला जी जागा शिल्लक होती ती आधीच खाल्ली गेली. हे सगळं मॅप लिहिणाऱ्याने धरायचं असतं. आमच्यावाल्याला विचारलं, ई-ट्वेंटीचं काय केलंस? म्हणाला, ‘ईसीयू अ‍ॅडजस्ट करतो ना सर.’ अरे, सगळं ईसीयूच अ‍ॅडजस्ट करणार असेल तर तुला बोलावलं कशाला होतं?

याआधीचा ट्यूनर तरी कुठे धुतल्या तांदळाचा होता! त्याच्या डायनोला चाकांवरचा आकडा दाखवायची लाजच वाटायची. चाकांवर जे येईल त्यात ‘ट्रान्समिशन लॉस’ म्हणून २० टक्के चढवायचे आणि तो क्रँकचा, म्हणजे थेट इंजिनचा, आकडा. वर करेक्शन फॅक्टरसाठी (गरम हवेत इंजिन कमी ताकद देतं म्हणून आकड्यात घालायची भर) हवेचं तापमान मुद्दाम जास्त टाकायचं, म्हणजे अजून पाच-सहा घोडे फुकटात. तो तापमान वाढवून लुटायचा, हा १९ अंश छापून लुटतो. गरम करा, गार करा, खिसा आमचाच.

आणि त्याने ‘गिफ्ट’ म्हणून पॉप्स अँड बँग्ज टाकून दिले होते. मी मागितले नव्हते! पेडल सोडलं की मागून फटफट. स्पार्क मुद्दाम उशिरा पाडायचा, पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटू द्यायचं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून भाजून काढायचा आणि याला म्हणे फीचर. सोसायटीत शिरलो की दुसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका गॅलरीत यायचे. काही बोलायचे नाहीत. नुसते बघायचे. ते काढायचे पैसे वेगळे घेतले त्याने. गिफ्ट परत करायचे पैसे!

बरं, तक्रार करायची तर कुठे? हीच तर गोम आहे सगळ्याची. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. ग्राहक आयोगात जाऊन काय सांगणार, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (गाडीत मनमानी बदल करायला मनाई) बसत नाही ते काम करून घेतलं आणि ते नीट झालं नाही? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, त्याच वर्षी कायदाही कडक झाला. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिने आत, किंवा दोन्ही. म्हणजे फिर्याद माझी आणि पावती माझ्याच नावाची. हे त्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर तो फोनवर इतका निवांत बोलतो. बिलावर काय लिहिलंय सांगू? ‘जनरल चेकअप.’

आता कोणी विचारायच्या आत मीच सांगून टाकतो, हे सगळं कशासाठी. माझं ऑफिस ते घर म्हणजे कर्वे रोड. ताशी बारा-चौदा किलोमीटर मिळाले तरी दिवस चांगला. शंभरेक फुटांवर एक स्पीडब्रेकर, आणि तो चुकवायला गेलं तर खड्डा. एक्स्प्रेसवेवर शंभरची मर्यादा, घाटात साठ, आणि डोक्यावर ओळीने कॅमेरे. १४२ असोत नाहीतर कंपनीचे १०५, त्यातले पंचवीस तरी मी कधी वापरले असतील का याची शंका आहे. ऑफिसमधली एक मुलगी स्कूटरवर माझ्यानंतर निघते आणि माझ्याआधी पोचते. बायकोला शेजारी बसवून गाडी दाबून दाखवली, तर म्हणाली, ‘एसी जरा कमी गार वाटतोय का रे?’ डेटालॉगिंगसाठी मी रात्री दोनला बायपासवर जातो आणि तिथे ट्रकमागे तिसऱ्या गिअरमध्ये अडकतो. त्या ट्रकवर ‘हॉर्न ओके प्लीज’ असतं आणि माझ्या लॅपटॉपवर बूस्टची सरळ सपाट रेष.

तरीही! वापरत नसलो म्हणून काय झालं? माझे घोडे आहेत ते. तबेल्यात उभे राहू देत, पण मोजून द्या. दुकानदार किलोभर साखरेत पन्नास ग्रॅम मारतो तर आपण भांडतो, इथे पस्तीस हजार घेऊन दुसऱ्याच्या गाडीचा कागद हातात देतात आणि पुन्हा रीलमध्ये ‘अजून एक खूश कस्टमर’ म्हणून माझा अंगठा वर केलेला फोटो. तो फोटो काढून टाका म्हणून मी सांगितलं. ‘सर, चांगला आलाय, राहू दे ना.’

सकाळी मेसेज आलाय त्याचाच. ‘स्टेज टू मान्सून ऑफर, डाउनपाइप आणि इनटेकसह, जुन्या ग्राहकांना दहा टक्के सूट.’ खाली एक ग्राफ जोडलाय. मोठा करून बघितला. तो खड्डा ४२०० च्या पुढे तसाच आहे, फक्त सगळी रेष उचलून वर ठेवली आहे.

पोलो आपल्याकडे २०२२ मध्ये बंद झाली, दुसरी मिळायची नाही, म्हणून हिला जपायचं. पुढच्या आठवड्यात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सर्व्हिसिंग आहे. तिथे त्यांनी ईसीयूवर अपडेट चढवलं तर हा मॅप आपोआप पुसला जाईल, फुकटात, आणि गाडी चाकणहून निघाली तशी होईल. रिसेप्शनवरची पोरगी नेहमीप्रमाणे विचारेल, ‘सर, काही मॉडिफिकेशन केलंय का?’ त्याला ‘नाही’ हे उत्तर माझं पाठ आहे. पण त्यांच्या फॉर्मवर ‘ग्राहकाची तक्रार’ असा एक रकाना असतो. त्यात काय लिहू, तेवढं सुचवा.