तो पट माझा होता

चौघांच्या टीममध्ये चौथ्यानं नुसतं उभं राहायचं असतं का, एवढंच सांगा मला.

रविवारी गोल्फ खेळत होतो. नववा होल, शेवटचा. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, आमचा चेंडू होलपासून सात-आठ फुटांवर. स्क्रॅम्बल चाललेलं, म्हणजे चौघांनी मारायचं, त्यातला एक बरा चेंडू धरायचा आणि पुढचा फटका चौघांनी तिथूनच. ग्रीनवरही त्याच जागेवरून चौघांनी एकेक पट, म्हणजे होलकडं चेंडू हळू ढकलायचा फटका, मारायचा, एकाचा गेला तरी टीमचं काम झालं. मी मुद्दाम शेवटचा नंबर घेतला होता. आधीच्यांचे चेंडू बघून उतार कळतो. पहिल्याचा उजवीकडून निसटला, दुसऱ्याचाही तसाच. मला ओळ स्वच्छ दिसली. डावीकडं वीतभर धरायचं आणि हळू सोडायचं. तिसरे आमचे कॅप्टन. त्यांनी मारला, चेंडू वीतभर अलीकडंच थांबला. आणि हा माणूस तरातरा चालत गेला आणि एका हातानं काठी धरून चेंडू आत ढकलून मोकळा झाला!

अरे, चेंडू आत पडला की होल संपला! टीमचा तोच स्कोअर. पहिल्या टीवर, खेळ सुरू करायच्या जागेवर, ह्यानंच आम्हाला दोन-दोनदा बजावलं होतं, "हुकला तर चेंडूला हात लावायचा नाही, बाजूला व्हायचं, सगळ्यांचे मारून होईपर्यंत." आम्ही सकाळभर पाळलं ते. नियम सांगणाऱ्यानंच मोडला, तोही माझ्या वाटणीच्या पटावर. मी म्हटलं, "अरे, माझा राहिला की!" तर मान न वळवता म्हणतोय, "तुझा तरी काय जाणार होता मर्दा, चल, चहा घेऊया."

काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी हळूच कानडीत म्हणाला, "होगली बिड्री सर," जाऊ दे, सोडा म्हणून. तो बिचारा समजूत घालत होता, पण मी नाही सोडणार. दुसऱ्या चौकडीकडून आम्ही एका फटक्यानं हरलो. एका! तो पट गेला असता तर बरोबरी होती. गेलाच असता असं मी म्हणत नाही. मारायला तरी मिळायला पाहिजे होता.

आणि ड्राइव्हचं काय? ठरलं होतं, नऊ होलमध्ये प्रत्येकाचे किमान दोन ड्राइव्ह, म्हणजे होलचे पहिले लांब फटके, धरायचे. चौघांचे आठ झाले, उरला एक. म्हणजे कुणाचेही तीनच्या वर होत नाहीत. मी कार्डावर मोजले, ह्याचे पाच! माझा एकही नाही. चौथ्या होलवर माझा चेंडू फेअरवेच्या मधोमध, कापलेल्या गवतावर बसला होता. ह्याचा वीसेक पावलं पुढं, पण निलगिरीच्या बुडाशी, रफमध्ये, वाढलेल्या गवतात. कुठला घ्यायचा हे शेंबडं पोरही सांगेल. हा म्हणाला, "लांब आहे तोच घेऊ." आणि मग चेंडू उचलून झाडाबाहेर मोकळ्या जागेत ठेवला. एका क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, लांबीत ठेवायचा असतो, होलच्या जवळ न्यायचा नसतो, रफमधला रफमध्येच राहतो. हे कोण सांगणार? सांगितलं तर "मजेसाठी खेळायलोय की, एवढं काय मनाला लावून घ्यायलास?" म्हणे.

मजा कुणाची? पहाटे पाचला बेळगावच्या वडगावातून उठून, आतेभावाचे क्लब मागून आणून, लाल मातीत बूट माखून घेऊन मी ह्याची मजा बघायला गेलो होतो का? नवख्याचा एखादा बरा फटका टीमच्या कामी यावा, म्हणून तर स्क्रॅम्बल खेळतात. एकट्यालाच मारायचं होतं तर एकट्यानं जायचं.

आजचं नाही हे. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर बॅट ह्याची म्हणून हा कधी आउटच झाला नाही. कॅरममध्ये कव्हर न घेता राणी खिशात घालायचा. पुण्याच्या लग्नाला मी दोन किलो कुंदा नेला, स्वतःच्या पैशानं, मांडीवर घेऊन, आणि ह्यानं मांडवात नवऱ्याच्या आईला सांगितलं, "काकू, आम्ही आणलाय." आम्ही!

अजून एक. मी क्लब मागं नेला की मागून बोलायचं नाही. "मान वर काढतोस, कोपर वाकतोय." चेंडू जाईपर्यंत तोंड मिटून ठेवायला काय होतं? त्याच्या पाचही ड्राइव्हला मी श्वास रोखून उभा होतो.

काल रात्री ग्रुपवर ह्याचा मेसेज, "पुढच्या रविवारी परत सेम टीम?" बाकी दोघांनी अंगठे दाखवले. मी लिहिलंय, येतो. पण कार्ड माझ्या हातात राहील, प्रत्येकाचे दोन ड्राइव्ह मी मोजून घेणार, आणि प्रत्येक ग्रीनवर पहिला पट माझा. उतार कळो नाहीतर न कळो.

निळ्या खुणा उमटल्यात. उत्तर नाही अजून.