फरार आरोपी घडवण्याची सोपी रीत

तुमच्या शहरात फरार आरोपींची टंचाई आहे? काळजी नको. न्यूयॉर्कची जुनी रीत उचला.

रस्त्यात बिअरचा कॅन उघडणारा, बाग बंद झाल्यावरही आत रेंगाळणारा, असा एखादा खतरनाक इसम धरा आणि त्याच्या हातात समन्स ठेवा. त्यावर 'कोर्टात हजर राहा' असं मोठ्या अक्षरांत चुकूनही छापू नका. न्यूयॉर्कच्या जुन्या कागदाचं शीर्षक होतं 'कम्प्लेंट / इन्फर्मेशन'. वाचणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही, झकास! कोर्टाची तारीख तळाशी ढकला. न आल्यास अटक वॉरंट निघतं ही किरकोळ बाब मागच्या बाजूला टाका. मग मध्ये भरपूर दिवस जाऊ द्या. समन्स पँटच्या खिशात धुऊन निघालं की तुमचं काम फत्ते.

मेसेजपासून मात्र सांभाळा. न्यूयॉर्कमध्येच काही संशोधकांना अवदसा आठवली. त्यांनी तारीख वर घेतली, वॉरंटची ताकीद पुढच्या बाजूला आणली, आणि एवढ्यानेच गैरहजेरी 13 टक्क्यांनी उतरली. मोबाईलवर आठवणीचे मेसेज गेले, तर 21 टक्क्यांनी. 2020 साली 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी हे छापूनही आणलं. तीन वर्षांत 30,000 वॉरंटं कमी निघाली म्हणे. केवढं हे नुकसान!

सुदैवाने जनता तुमच्या बाजूने आहे. याच संशोधकांना दिसलं, की कोर्टकचेरीत मुरलेल्या लोकांना गैरहजेरी फारशी जाणूनबुजून केलेली वाटत नाही. सामान्य माणसाला मात्र ती मुद्दाम केलेली वाटते, म्हणून त्याला मेसेजपेक्षा शिक्षा बरी वाटते. तुम्हीही 'ज्याला यायचं तो येतोच' हे ठणकावून सांगत राहा. सांगता सांगता दाताच्या डॉक्टरांचा 'उद्या 11 वाजता' असा मेसेज आला, तर फोन उलटा ठेवा. आपली गोष्ट वेगळी. आपल्यामागे कामं असतात.

फारच आग्रह झाला तर पाठवा बापडे मेसेज, पण सरकारी वळणाचा: 'आपले प्रकरणी नियमानुसार पुढील कार्यवाही प्रस्तावित असून संबंधितांनी नोंद घ्यावी.' तारीख, वेळ, कोर्ट यांचा उल्लेख नको. आणि पाठवायचा तो सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी कचेरी उघडल्यावर.